वर्दीच्या पेन्शनचं पंचांग

2005 साली लक्ष्मीपूजन 1 नोव्हेंबरला, मंगळवारी आलं होतं. त्याच्या आदल्याच दिवशी, 31 ऑक्टोबरला, राज्याच्या वित्त विभागाने एक शासन निर्णय काढला. 1 नोव्हेंबर 2005 रोजी किंवा त्यानंतर जो सरकारी सेवेत रुजू होईल, त्याला आजवरची निवृत्तिवेतन योजना मिळणार नाही, असं त्यात म्हटलं होतं. त्या दिवसापासून महाराष्ट्र पोलिसांत दोन प्रकारचे शिपाई झाले. वर्दी तीच, बंदोबस्त तोच, वेतनश्रेणीही तीच. फरक दिसणार होता तो वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी वर्दी उतरवल्यानंतर.

आपण समजतो की पेन्शन हुद्द्यावर ठरते, नोकरीच्या वर्षांवर ठरते, फार तर कामातल्या धोक्यावर ठरते. प्रत्यक्षात सगळ्यात मोठा वाटा असतो एका तारखेचा. हे बघायला फार लांब जावं लागत नाही. अहिल्यानगर, म्हणजे आपलं नगर, एवढं एक शहर फिरून आलं तरी वर्दीतल्या माणसांच्या पेन्शनचे पाच-सहा प्रकार सापडतात.

आधी मूळ हिशेब पाहू. 1 नोव्हेंबर 2005 पूर्वी रुजू झालेल्या पोलिसाला महाराष्ट्र नागरी सेवा (निवृत्तिवेतन) नियम, 1982 लागू आहेत. पूर्ण सेवा झाली की शेवटच्या मूळ वेतनाच्या निम्मी रक्कम दरमहा, तीही मरेपर्यंत. त्यावर महागाई भत्ता, आणि तो वाढला की पेन्शनही वाढते. पेन्शनचा 40 टक्क्यांपर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, त्याला अंशराशीकरण म्हणतात. पंधरा वर्षांनी तो कापलेला भाग पुन्हा सुरू होतो. या सगळ्यासाठी पगारातून एक रुपयाही कापला जात नाही. भविष्य निर्वाह निधी वेगळा, उपदान म्हणजे ग्रॅच्युइटी वेगळी.

नंतर आलेल्याच्या वाट्याला परिभाषित अंशदान योजना आली. 2015 पासून तीच राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजनेत, म्हणजे एनपीएसमध्ये मिसळली. इथे मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून जी रक्कम होते तिच्या 10 टक्के दरमहा कापून घेतात. सरकार आपला हिस्सा घालतं, तो आधी 10 टक्के होता, 2019 पासून 14 टक्के झाला. पैसे बाजारात गुंतवले जातात. निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेपैकी 60 टक्क्यांपर्यंत हातात मिळतात, उरलेल्या किमान 40 टक्क्यांची वार्षिकी विमा कंपनीकडून विकत घ्यावी लागते. दरमहा पेन्शन येते ती त्या वार्षिकीतून.

नगर जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला हा फरक एका वाक्यात कळेल: जुनी पेन्शन म्हणजे जमीन खंडाने देणं, नवी म्हणजे बटाईने देणं. खंडात पाऊस पडो न पडो, ठरलेली रक्कम मिळते. बटाईत जे पिकेल त्यातला वाटा, मग तो सुगीचा असो की दुष्काळातला.

आता आकडे मांडू. समजा दोन हवालदारांचं शेवटचं मूळ वेतन 60,000 रुपये आहे. जुन्या योजनेतल्याची पेन्शन झाली 30,000, अधिक महागाई भत्ता. एनपीएसमधल्याला वार्षिकीतून तेवढेच 30,000 हवे असतील, तर वर्षाचे झाले 3 लाख 60 हजार. वार्षिकीचा दर 6 टक्के धरला, तर त्यासाठी 60 लाख रुपये गुंतवावे लागतील. आणि हे 60 लाख म्हणजे त्याच्या जमेचा 40 टक्के हिस्सा असेल, तर एकूण जमा दीड कोटी हवी. एवढं करूनही ते 30,000 आयुष्यभर 30,000च राहतील. महागाई भत्ता 50 टक्के झाला की जुन्या योजनेतल्याचे 45,000 होतील, याचे तिथेच थांबतील. उलट बाजूही सांगायला हवी. एनपीएसवाल्याच्या हातात एकरकमी 90 लाख येतील, आणि ते त्याच्या मुलाबाळांनाही मिळू शकतात. जुन्या पेन्शनमधून अशी पुंजी मागे राहत नाही.

या हिशेबात एक विलक्षण गोष्ट दडलेली आहे. पेन्शन ही तीन अज्ञात गोष्टींवर केलेली पैज असते: माणूस किती जगेल, महागाई किती वाढेल आणि बाजार कसा चालेल. जुन्या योजनेत तिन्हींचा भार सरकारच्या खांद्यावर असतो. एनपीएसमध्ये बाजार आणि महागाई या दोन्हींचा भार कर्मचाऱ्याच्या खांद्यावर येतो. 31 ऑक्टोबर 2005 च्या त्या कागदाने खरं तर हा भार एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर दिला. त्याचा पूर्ण परिणाम अजून कुणी पाहिलेलाही नाही. 2005 च्या अखेरीस पंचविशीत भरती झालेला शिपाई निवृत्त होईल 2038 च्या सुमारास.

तारखेची रेघ वाटते तेवढी सरळही नाही. भरतीची जाहिरात एका वर्षी निघते, मैदानी चाचणी, लेखी परीक्षा, निवड यादी यांत महिने जातात, आणि नेमणूक पुढच्या वर्षी होते. ज्यांची जाहिरात 1 नोव्हेंबर 2005 पूर्वीची, पण रुजू तारीख नंतरची, ते अनेक वर्षं अधांतरी होते. जानेवारी 2024 मध्ये मंत्रिमंडळाने त्यांना जुन्या योजनेत जाण्याचा एकदाच वापरायचा पर्याय दिला आणि 2 फेब्रुवारी 2024 ला शासन निर्णय निघाला. अचानक सेवापुस्तकातल्या रुजू तारखेपेक्षा वर्तमानपत्राच्या जुन्या कात्रणातली तारीख मोलाची ठरली.

मधल्या काळात संपही झाला. मार्च 2023 मध्ये ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत राज्य कर्मचारी आणि शिक्षक 14 ते 20 तारखेपर्यंत रस्त्यावर होते. पोलिसांना मात्र 1966 च्या कायद्याने संघटनेच्या हक्कावर बंधनं आहेत, ते संपात उतरू शकत नाहीत. त्यामुळे ज्या मागणीत त्यांचं स्वतःचं म्हातारपण गुंतलं होतं, तिच्या मोर्चांना बंदोबस्त देण्याचं काम त्यांच्याकडे आलं. त्याच महिन्याच्या 31 तारखेला एक महत्त्वाचा निर्णय झाला: एनपीएसमधला कर्मचारी सेवेत असताना वारला, तर त्याच्या घरच्यांनाही कुटुंब निवृत्तिवेतन आणि मृत्यू उपदान मिळेल. ज्या नोकरीत रोज जीव धोक्यात असतो, तिथे या एका कागदाची किंमत फार मोठी.

पुढे 25 ऑगस्ट 2024 रोजी राज्य मंत्रिमंडळाने एकीकृत निवृत्तिवेतन योजनेला, म्हणजे यूपीएसला मान्यता दिली. केंद्राने ती आदल्याच दिवशी जाहीर केली होती, आणि स्वीकारणारं महाराष्ट्र पहिलं राज्य ठरलं. 25 वर्षं सेवा झाली तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन, किमान दहा वर्षांच्या सेवेला 10,000 रुपये, वर महागाईची वाढ. पेन्शनर वारल्यावर जोडीदाराला त्याच्या पेन्शनच्या 60 टक्के. निम्म्याचे 60 टक्के म्हणजे पगाराचे 30 टक्के, आणि जुन्या योजनेत कुटुंब निवृत्तिवेतनाचा नेहमीचा दरही तेवढाच! पण कर्मचाऱ्याची 10 टक्के कपात इथेही सुरूच राहते. थोडक्यात, खंडाची हमी मिळते, पण बियाण्याचा खर्च स्वतःचा.

आता शहरात फिरू. पोलीस अधीक्षक भारतीय पोलीस सेवेतले असतील, तर त्यांची रेघ वेगळी, 1 जानेवारी 2004. केंद्राने एनपीएसची अधिसूचना 22 डिसेंबर 2003 ला काढली होती, आणि त्याआधी जाहीर झालेल्या जागांवर निवडलेल्या अधिकाऱ्यांना पुढे जुन्या योजनेचा पर्याय मिळाला. म्हणजे एकाच कार्यालयात साहेबांचं आणि शिपायाचं पेन्शनचं कॅलेंडर निराळं.

महानगरपालिकेच्या अग्निशमन केंद्रात जा. तिथला जवान राज्य सरकारचा नोकर नव्हे, महापालिकेचा. नगरची नगरपालिका 2003 मध्ये महानगरपालिका झाली. राज्याचे पेन्शनचे नियम तिथेही चालतात, पण पोलिसाची पेन्शन महालेखापालांकडून मंजूर होऊन कोषागारातून निघते, तर अग्निशामकाची महापालिकेच्या स्वतःच्या तिजोरीतून. पोलिसामागे राज्याचा खजिना उभा असतो, अग्निशामकामागे घरपट्टी-पाणीपट्टीवर चालणारी संस्था. नोव्हेंबर 2021 मध्ये जिल्हा रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागाला आग लागली आणि किमान 11 रुग्ण दगावले, ते अजून कुणी विसरलेलं नाही. अशा धुरात शिरणाऱ्याची जोखीम पोलिसापेक्षा तसूभरही कमी नसते.

लष्करी हद्दीत शिरलं की चित्र पुन्हा बदलतं. इथे आर्मर्ड कोअरचं प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचंही आहे. 2004 ची रेघ आखताना केंद्राने तिन्ही सैन्यदलं वगळली, म्हणून 2010 मध्ये भरती झालेल्या जवानालाही पंधरा वर्षांच्या सेवेनंतर जुन्या पद्धतीची पेन्शन मिळते. त्याच वर्षी पोलिसात गेलेला त्याचा भाऊ मात्र एनपीएसमध्ये. आणि 2022 नंतर आलेल्या अग्निवीराला चार वर्षांनी सेवा निधीची एकरकमी रक्कम मिळते, पेन्शन नाही.

शेवटची फेरी साखरपट्ट्यातली. एखाद्या सहकारी कारखान्याच्या बंबावर काम करणारा कामगार ईपीएस-95 मध्ये येतो. तिथे कमाल 15,000 रुपयांचा पगार धरतात, त्याला सेवेच्या वर्षांनी गुणून 70 ने भागतात. 35 वर्षं धरली तर महिन्याला 7,500 रुपये, त्यावर महागाई भत्ता नाही. आग मात्र कारखान्याची असो की शहरातली, तेवढीच तापते.

तारखांचा खेळ निवृत्तीच्या वेळीही सुटत नाही. आपल्याकडे शाळेत नाव घालताना गुरुजींनी 1 जून ही जन्मतारीख टाकलेल्यांची संख्या प्रचंड आहे. महिन्याच्या एक तारखेला जन्मलेला माणूस आदल्या महिन्याच्या अखेरीस निवृत्त होतो, म्हणून 31 मेला कार्यालयं ओस पडतात. 30 जूनला निवृत्त होणाऱ्याला 1 जुलैची वेतनवाढ पेन्शनच्या हिशेबापुरती धरण्याचा मार्ग सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल 2023 च्या निकालाने मोकळा झाला. 31 मेवाल्याचं वर्ष अकरा महिन्यांतच संपतं, त्याला ती मिळत नाही. कधीकाळी गुरुजींनी अंदाजाने लिहिलेला आकडा आयुष्यभराच्या पेन्शनमध्ये उतरतो तो असा.

जगात इतरत्रही हेच आहे. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात 1 जानेवारी 2011 पूर्वी लागलेले पोलीस आणि अग्निशामक वीस वर्षांच्या सेवेनंतर पन्नाशीत पूर्ण हक्काने निवृत्त होतात. नंतरच्यांना पंचावन्नपर्यंत थांबावं लागतं. ब्रिटनमध्ये 2015 च्या बदलात वयाने मोठ्या कर्मचाऱ्यांना दिलेलं संरक्षण तरुणांवर अन्याय करणारं आहे, असा निकाल अपील न्यायालयाने डिसेंबर 2018 मध्ये दिला. न्यायाधीशांबरोबर दाद मागणारे होते अग्निशामक.

आपल्याकडे या प्रश्नावर त्याच्या कितीतरी आधी, 17 डिसेंबर 1982 ला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला होता. डी. एस. नकारा खटल्यात मुद्दा होता 31 मार्च 1979 या तारखेचा: त्या दिवशी किंवा त्यानंतर निवृत्त झालेल्यांना वाढीव पेन्शन, आधीच्यांना नाही. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या घटनापीठाने ही रेघ मोडली आणि पेन्शन ही सरकारची खैरात नसून सेवेतून कमावलेला हक्क आहे, असं सांगितलं. 17 डिसेंबर हा दिवस आजही पेन्शनर दिन म्हणून पाळतात. तो खटला निवृत्तीच्या तारखेचा होता, आजचा वाद रुजू होण्याच्या तारखेचा आहे.

सरकारला रेघ कुठेतरी आखावीच लागते, कारण तिजोरीला अंत आहे. पण रेघ आखणाऱ्याने तिच्या पलीकडच्या माणसाला किमान म्हातारपणाची हमी द्यायला हवी, आणि यूपीएसपर्यंत पोहोचायला आपल्याला जवळपास एकोणीस वर्षं लागली. तुमच्या घरात कुणी वर्दीत असेल, तर आजच तीन गोष्टी तपासा: सेवापुस्तकातली रुजू तारीख, भरतीच्या जाहिरातीची तारीख आणि वारस म्हणून नोंदवलेलं नाव. पर्याय देण्याची मुदत असेल तर ती चुकवू नका, कारण असे पर्याय बहुधा एकदाच मिळतात.