लष्करी पेन्शन आणि लोकल बोर्डातील खुर्ची

दलित राजकारणाचा आरंभ शोधताना आपण सहसा १९२७ च्या महाडपाशी येऊन थांबतो. परंतु त्याच महाडात त्यापूर्वी बत्तीस वर्षे, म्हणजे १८९५ साली, एक अस्पृश्य माणूस तालुका लोकल बोर्डाचा सभासद झाला होता. त्याचे नाव गोपाळ बाबा वलंगकर.

वलंगकर महाडजवळच्या रावढळचे. फौजेतील नोकरी संपवून १८८६ साली ते निवृत्त झाले आणि दापोलीस राहिले. दापोली तेव्हा पेन्शनर शिपायांचे गाव होते. या पेन्शनचा अर्थ नीट ध्यानात घेतला पाहिजे. गावकीतला महार बलुत्यावर जगत होता. तोंड उघडले की बलुते बंद. पेन्शनरांची भाकरी मात्र पाटलाच्या खळ्यावरून येत नव्हती. शिवाय पलटणीने त्यांना अक्षरओळख दिली होती. पोट मोकळे आणि अक्षर हाती, या दोन गोष्टींतून पहिला बंडखोर उभा राहिला.

जोतीराव फुल्यांच्या विचाराने भारलेल्या वलंगकरांनी १८८८ मध्ये 'विटाळ विध्वंसन' लिहून अस्पृश्यतेच्या शास्त्राधाराला प्रश्न केले. 'दीनबंधू' आणि 'सुधारक' या पत्रांतून ते लिहीत राहिले. 'अनार्य दोषपरिहारक मंडळी' ही संस्थाही त्यांच्याच पुढाकारातली.

एवढ्यात सरकारनेच पायाखालची जमीन काढली. 'लढाऊ जाती'चा सिद्धान्त पुढे करून १८९२-९३ च्या सुमारास महारांची लष्करभरती बंद झाली. ज्यांच्या बापजाद्यांची नावे कोरेगावच्या स्तंभावर कोरलेली, तेच आता लढण्यास नालायक ठरले! वलंगकरांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा खुली करण्यासाठी अर्ज तयार केला. त्यात पूर्वीच्या क्षत्रियत्वाचा दावा आहे. एकीकडे अनार्यत्वाचा अभिमान, दुसरीकडे क्षत्रियत्वाचा आधार: ही विसंगती झाकण्याचे कारण नाही. मागणी ज्याच्या दारात न्यायची त्याची भाषा बोलावी लागते, हे अर्जाच्या राजकारणाचे बंधनच आहे.

त्यानंतर आली बोर्डाची खुर्ची. लोकल बोर्डे १८८४ च्या कायद्याने आली होती. मतदार होण्यास मालमत्ता लागे. भूमिहीन अस्पृश्याला तेथे निवडून येणे अशक्यच होते. वलंगकर आले ते सरकारी नेमणुकीने. तरीही सवर्ण सभासद संतापले. अस्पृश्याने त्यांच्या बरोबरीने बसावे हेच त्यांना सोसवेना. रस्ते, शाळा, दवाखाने यांचा विचार करणारी सभा विटाळावर अडखळली!

या घटनेचा धडा काय? नेमणुकीने जागा मिळते, बळ मिळत नाही. एकट्या सभासदामागे संघटित समाज नव्हता. १९१० मध्ये शिवराम जानबा कांबळे यांनी भरतीसाठी पुन्हा अर्ज केला; महार रेजिमेंट उभी राहिली ती १९४१ साली. मधल्या काळात अर्जाची जागा सत्याग्रहाने घेतली होती. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले तेव्हा त्यांच्यामागे हजारो माणसे होती, आणि त्या जमावाला जागे करणाऱ्यांत पेन्शनर शिपाईही होते.

वलंगकरांना केवळ 'आद्य' म्हणून हार घालणे सोपे आहे. आज ग्रामपंचायतीच्या राखीव जागेवर बसलेल्या आपल्या माणसाला विचारा: खुर्ची मिळाली, पण सभेत शब्द चालतो काय? उत्तर नकारार्थी असेल, तर १८९५ चा प्रश्न अजून सुटलेला नाही, आणि तो सोडवण्याची जबाबदारी त्या एकट्या सभासदाची नसून त्याच्यामागे उभे राहू शकणाऱ्या आपणा सर्वांची आहे.