‘पुन्हा मोजा’ म्हणण्याचा हक्क

2 डिसेंबर 2025ला आमच्या पेणमध्ये आणि तिकडे रोह्यात नगरपरिषदेचं मतदान झालं. दुसऱ्या दिवशीची मोजणी न्यायालयाच्या आदेशाने 21 तारखेवर गेली. तोवर यंत्रं कुलुपात. कोणी काही गैर केलं असं माझं म्हणणं नाही. पण चहाच्या टपरीवर रोज एकच प्रश्न कानावर यायचा, “आत काय आहे ते कुणी बघितलंय?” तीस वर्षांपूर्वी मी छातीवर हात ठेवून म्हणालो असतो, “मी बघितलंय.” आता तसं म्हणता येत नाही, हे मनाला लागलं.

मी रोह्यातल्या शाळेत शिक्षक होतो, त्यामुळे निवडणुकीची ड्यूटी ठरलेली. 1977 आणि 1984ला दि. बा. पाटील आमच्या कुलाबा मतदारसंघातून लोकसभेवर निवडून गेले, तेव्हा मी नुसता मतदार. माझा काळ 1989 ते 1999चा. दहा वर्षांत लोकसभेच्या पाच निवडणुका झाल्या. आधी तीनदा अंतुले, मग दोनदा शेकापचे रामशेठ ठाकूर. त्या मोजण्यांनी रात्री खाल्ल्या, पाठी मोडल्या. पण मतदान म्हणजे काय हे मी तिथेच शिकलो.

पेटी टेबलावर उपडी व्हायची. मतपत्रिका उलगडून उमेदवारवार लावायच्या, पंचवीस-पंचवीसचे गठ्ठे बांधायचे. जाळीपलीकडे उमेदवारांचे प्रतिनिधी डोळ्यात तेल घालून उभे. खरी लढाई बाद मतांवर. घडी घालताना ओली शाई दुसऱ्या चिन्हावर उमटायची आणि दोन्ही बाजू ते मत आपलं म्हणायच्या. पण शिक्क्यातल्या फुलीचे बाण एका दिशेने वळलेले असत. उमटलेला ठसा उलट्या दिशेचा. नीट बघितलं की मूळ शिक्का कुठला ते कळे. मतदाराचा कौल स्पष्ट दिसत असेल, तर शिक्का पुसट आहे एवढ्यावरून मत बाद करायचं नाही, असा नियमच होता. शेतावरून येऊन रांगेत उभ्या राहिलेल्या बाईच्या एका ठशासाठी चार माणसं मान वाकवून बघत. मला त्यात तिचा मान दिसायचा.

त्या दशकातली एक गोष्ट अजून सलते. एका निवडणुकीत फरक अगदी थोडा होता. हरणाऱ्याचा प्रतिनिधी, साधा माणूस, तोंडीच विनवत होता, “साहेब, पुन्हा मोजा.” 1961च्या निवडणूक नियमांतला 63वा नियम सांगतो की बेरीज जाहीर झाल्यावर फेरमोजणीचा अर्ज कारणांसह लेखी द्यायचा आणि तो फेटाळायचा तर अधिकाऱ्यानेही कारणं लिहायची. निकालपत्रकावर सही झाली की ती वाट बंद; उरते ती उच्च न्यायालयातली याचिका, 45 दिवसांच्या आत. साहेबांनी त्याला ‘लेखी द्या’ म्हटलं नाही, सही करून टाकली. मला नियम ठाऊक होता आणि मी गप्प बसलो. त्याची मला आजही शरम वाटते.

दुसऱ्या एका मोजणीत अर्ज मान्य झाला. पहाटेपर्यंत गठ्ठे पुन्हा सोडले. हरलेला हरलेलाच राहिला, पण त्याच्या प्रतिनिधीने सही केली आणि म्हणाला, “आता झोप लागेल.”

2004ला यंत्रं सगळीकडे आली. बाद मतांची कटकट मिटली, निकाल लवकर लागू लागले. हे चांगलंच झालं. पण 16 मे 2014ला आमच्या रायगडात अनंत गीते यांना 3,96,178 आणि सुनील तटकरे यांना 3,94,068 मतं पडली. फरक 2,110. तटकऱ्यांच्याच नावाच्या एका अपक्षाने 9,849 मतं घेतली होती. सुमारे 10 लाख मतांत एवढासा फरक! अमेरिकेतल्या फ्लोरिडात अर्ध्या टक्क्याच्या आतला फरक आपोआप फेरमोजणीला जातो. आपल्याकडे मागावी लागते. आणि मागून मिळालं असतं काय? तेव्हा आमच्या यंत्रांना चिठ्ठीचं यंत्रही नव्हतं. बटण पुन्हा दाबलं असतं, तोच आकडा पुन्हा दिसला असता.

पुढे मताची चिठ्ठी छापणारं व्हीव्हीपॅट आलं. पण 2019पासून चिठ्ठ्या मोजायच्या त्या प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या फक्त पाच केंद्रांच्या. सगळ्या मोजाव्यात ही मागणी सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2024मध्ये नाकारली. दीड महिन्यात लोकसभेच्या निकालात मुंबई वायव्येत रवींद्र वायकर अमोल कीर्तिकरांपुढे 48 मतांनी निघाले. बाद ठरलेल्या 111 टपाली मतपत्रिका पुन्हा तपासल्या गेल्या, कारण तो कागद होता. तरी वाद कोर्टात गेला आणि डिसेंबरात याचिका फेटाळली गेली. आमच्या नगरपरिषदेच्या मतदानाला तर चिठ्ठीही नव्हती.

मला मतपेट्या परत नकोत. फरक ठरावीक टक्क्याच्या आत आला की त्या मतदारसंघातल्या सगळ्या चिठ्ठ्या अर्जावाचून मोजाव्यात आणि गावच्या निवडणुकीलाही चिठ्ठी द्यावी, एवढंच मागतो. जिंकलेल्याला मोजणी कशीही चालते. मोजायचं ते हरलेल्याला पटावं म्हणून. पहाटे सही करून गेलेल्या त्या प्रतिनिधीला झोप लागली, कारण त्याने गठ्ठे सुटताना बघितले होते.