गुडघ्याचे लिगामेंट : सूज उतरली म्हणजे दुखापत बरी झाली असे नव्हे

कबड्डीत चढाई करून मध्यरेषेकडे वळणारा खेळाडू अचानक कोसळतो. पाय जमिनीवर रोवलेला असतो आणि शरीर मात्र दुसऱ्या दिशेला फिरलेले असते. गुडघ्यातून ‘कट्’ असा आवाज येतो आणि काही तासांतच गुडघा टम्म सुजतो. क्ष-किरण तपासणीत हाड मोडलेले दिसत नाही. मग मुका मार समजून शेक, मालीश आणि पट्टी यांवर भागवले जाते. तीन-चार आठवड्यांत सूज उतरते, चालता येऊ लागते. खेळाडू पुन्हा मैदानात उतरतो आणि पहिल्याच वळणावर गुडघा दगा देतो. अशा वेळी बहुधा गुडघ्यातील ‘अँटिरिअर क्रुशिएट लिगामेंट’, म्हणजेच ‘एसीएल’, तुटलेले असते.

एसीएलचे कार्य

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड यांना चार प्रमुख लिगामेंट्स, अर्थात अस्थिबंध, जखडून ठेवतात. त्यांपैकी दोन गुडघ्याच्या दोन बाजूंना असतात, तर दोन सांध्याच्या मध्यभागी फुलीसारखे एकमेकांना छेदून जातात. या फुलीतील पुढचा बंध म्हणजे एसीएल. नडगीचे हाड पुढे सरकू न देणे आणि वळताना गुडघ्याला स्थैर्य देणे, हे त्याचे काम. सरळ रस्त्याने चालताना त्यावर फारसा ताण येत नाही. म्हणूनच तो तुटलेला असूनही रुग्णाला आपण बरे झालो असे वाटते.

गुडघ्याच्या आतल्या बाजूचे लिगामेंट फाटल्यास ते पट्टा आणि विश्रांती यांनी बहुतेक वेळा भरून येते. एसीएलचे तसे नाही. ते सांध्यातील द्रवाच्या सान्निध्यात असल्याने तुटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही आणि टोके सहसा पूर्ववत जुळत नाहीत. लिगामेंट क्ष-किरणांत दिसत नाही. गुडघा किंचित वाकवून नडगी पुढे ओढून पाहण्याची डॉक्टरांची चाचणी आणि एमआरआय यांवरून निदान होते.

शस्त्रक्रिया कोणाला?

लिगामेंट तुटलेल्या प्रत्येकाला शस्त्रक्रिया लागतेच असे नाही. स्वीडनमधील १२१ तरुण रुग्णांवरील अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात लगेच शस्त्रक्रिया केलेले आणि आधी व्यायामोपचार घेऊन गरज भासल्यासच शस्त्रक्रिया करून घेणारे, असे दोन गट होते. दोन वर्षांनंतर दोन्ही गटांच्या प्रकृतीत लक्षणीय फरक आढळला नाही. मात्र व्यायामाने सुरुवात करणाऱ्यांपैकी सुमारे ३९ टक्के रुग्णांनी या काळात शस्त्रक्रियेचा पर्याय निवडला.

बैठे काम करणाऱ्या व्यक्तीला मांडीचे स्नायू बळकट करून अनेकदा शस्त्रक्रियेविना चालवून घेता येते. परंतु ज्यांचा गुडघा वारंवार सटकतो, ज्यांना कबड्डी, कुस्ती, फुटबॉल यांसारखे खेळ खेळायचे आहेत किंवा ज्यांच्या गुडघ्यातील गादीही फाटली आहे, त्यांना शस्त्रक्रियेचा विचार करावा लागतो. गुडघा सटकतो त्या प्रत्येक वेळी गादी आणि कुर्चा यांना इजा होण्याचा धोका असतो आणि त्यातून पुढे सांध्याची झीज ओढवू शकते.

नव्या बंधाची उभारणी

तुटलेली टोके नुसती शिवून सहसा भागत नाही, म्हणून नवे लिगामेंट उभारले जाते. त्यासाठी बहुधा रुग्णाच्याच मांडीच्या मागील हॅमस्ट्रिंग स्नायूंची किंवा गुडघ्याच्या वाटीखालची कंडरा घेतात. दुर्बिणीच्या साहाय्याने मांडीच्या आणि नडगीच्या हाडात बोगदे पाडून ती मूळ लिगामेंटच्या जागी ओवली जाते आणि स्क्रू किंवा धातूच्या बटणाने पक्की केली जाते.

खरी कसोटी त्यानंतर असते. जागेवरून काढलेल्या कंडरेचा रक्तपुरवठा तुटलेला असतो. तिच्यात नव्या रक्तवाहिन्या आणि पेशी शिरून तिचे लिगामेंटमध्ये रूपांतर होण्यास अनेक महिने लागतात. या काळात काही महिने ती बसवली त्या दिवसापेक्षाही कमजोर असते. नेमक्या याच सुमारास वेदना थांबलेल्या असतात आणि रुग्णाला धावण्याचा मोह होतो. म्हणजे गुडघा पुन्हा एकदा फसवतो. खेळात परतण्याची घाई केल्यास काय होते, हे २०१६ मधील एका अभ्यासाने दाखवले. शस्त्रक्रियेनंतर नऊ महिन्यांपर्यंत पुनरागमन जितके महिने लांबवले, तितक्या प्रत्येक महिन्यामागे पुन्हा दुखापत होण्याचे प्रमाण जवळजवळ निम्म्याने घटले.

क्रिकेटपटू ऋषभ पंत याचे उदाहरण येथे बोलके आहे. ३० डिसेंबर २०२२ च्या मोटार अपघातात त्याच्या गुडघ्याच्या लिगामेंटला गंभीर इजा झाली आणि जानेवारी २०२३ मध्ये मुंबईत शस्त्रक्रिया झाली. त्या वर्षीची आयपीएल आणि विश्वचषक, दोन्ही स्पर्धांना तो मुकला. मार्च २०२४ मध्ये तो मैदानात परतला आणि त्याच वर्षी जूनमध्ये टी-२० विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय संघात होता.

गावातील मैदानावरच्या खेळाडूला एवढ्या सोयी मिळत नाहीत. परंतु काही गोष्टी त्याच्याही हाती आहेत. गुडघ्यातून आवाज येऊन लगेच सूज आल्यास मालीश टाळून अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. शस्त्रक्रिया झाल्यास फिजिओथेरपी अर्ध्यावर सोडू नये. मैदानात परतण्याचा दिवस वेदना थांबली यावरून न ठरवता, दोन्ही पायांची ताकद समान झाली आहे का, हे तपासूनच ठरवावा.