ऑपरेशननंतर भुलीचा गॅस जातो कुठे? युरोपने त्यातल्या एकावर बंदी का घातली?

वसई पूर्वेच्या सातिवलीत राहणाऱ्या कुणाचं पित्ताशयाचं दुर्बिणीतून ऑपरेशन ठरलं, तर त्याला पूर्ण भूल मिळेल. आधी सहसा शिरेतून इंजेक्शन, मग झोप टिकवायला श्वासातून गॅस. बहुतेक ठिकाणी तो सेवोफ्लुरेन किंवा आयसोफ्लुरेन असतो.

शरीर यातला फार थोडा भाग पचवतं, सेवोफ्लुरेनचा साधारण ५ टक्के. बाकीचा पेशंटच्या उच्छ्वासातून पाइपात आणि तिथून बाहेरच्या हवेत जातो.

मग अडचण काय?

हे गॅस उष्णता धरून ठेवतात. १०० वर्षांच्या हिशोबाने १ किलो सेवोफ्लुरेन म्हणजे सुमारे १९५ किलो कार्बन डायऑक्साइड. डेसफ्लुरेनचा आकडा आहे तब्बल २,५९०! शिवाय ते लागतंही साधारण तिप्पट.

म्हणून स्कॉटलंडने २०२३ मध्ये डेसफ्लुरेनचा वापर थांबवला. युरोपियन युनियनमध्ये १ जानेवारी २०२६ पासून बंदी आहे. वैद्यकीय कारणामुळे दुसरा पर्यायच नसेल, तेवढीच सूट.

जुना नायट्रस ऑक्साइडही अडचणीत आहे. तो हवेत शंभरहून जास्त वर्षं टिकतो आणि ओझोनचा थर झिजवतो. ब्रिटनमधल्या तपासणीत तर तो बराचसा पेशंटपर्यंत पोहोचण्याआधीच पाइपलाइनमधून गळताना आढळला.

आपल्याकडे काय?

युरोपचा नियम भारताला लागू नाही. पण सेवोफ्लुरेनच्या जागतिक बाजारात मुंबईची पिरामल फार्मा मोठं नाव आहे. त्यामुळे तिकडच्या बदलांचा संबंध इथल्या उद्योगाशीही येतो.

गॅस बंदच होईल का?

सध्या तरी नाही. लहान मुलांना सुई न टोचता मास्कने झोपवता येतं. उच्छ्वासातलं गॅसचं प्रमाण मॉनिटरवर दिसतं, त्यामुळे भूल किती खोल आहे याचा अंदाज येतो. प्रोपोफॉलची फक्त शिरेतून दिलेली भूल हा पर्याय आहे, पण त्याला सिरिंज पंप आणि सतत लक्ष लागतं.

सर्वात सोपा उपाय म्हणजे गॅसचा प्रवाह कमी ठेवणं. उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड सोडा लाइममध्ये शोषला जातो आणि उरलेला गॅस पुन्हा पेशंटकडे येतो. यात छोट्या हॉस्पिटलचे पैसेही वाचतात.

पेशंटने काय करायचं?

गॅस निवडणं भूलतज्ज्ञाचं काम. पण रक्ताच्या नात्यात कुणाला भुलीमुळे गंभीर त्रास झाला असेल, तर ऑपरेशनआधी नक्की सांगा. मॅलिग्नंट हायपरथर्मिया हा आनुवंशिक धोका या गॅसमुळे जागा होऊ शकतो, आणि तो जिवावर बेतू शकतो.