पेशीतील धूमकेतू

आपल्या शरीरातील बहुतेक प्रत्येक पेशीच्या केंद्रकात डीएनएचे ४६ धागे असतात. टोकाला टोक जोडले, तर त्यांची लांबी सुमारे २ मीटर भरेल! क्ष-किरणांनी, तंबाखूच्या धुराने, किंबहुना पेशीच्या नित्य व्यापारानेही हे धागे जागोजाग तुटत असतात. अमुक एका पेशीत किती मोडतोड झाली, हे ओळखावे कसे? लाखो पेशी एकत्र मिसळून मोजमाप केले, तर हाती येते ती केवळ सरासरी.

१९८४ साली स्वीडनमधील ऑस्टलिंग व योहान्सन यांनी एकेक पेशी तपासण्याची रीत प्रसिद्ध केली. तिचे साहित्य साधेच आहे. आपल्या घरी ज्या चायनाग्रासची जेली करतात, त्याच जातीच्या समुद्रशेवाळापासून काढलेल्या अगारोजमध्ये पेशी मिसळून काचपट्टीवर पातळ थर देतात. मग क्षार व साबणासारख्या द्रव्यांनी पेशीची आवरणे विरघळवितात. मागे उरते ते डीएनएचे गुंडाळे. त्यावर ऋण विद्युत्भार असल्याने वीजप्रवाह सोडताच ते धन टोकाकडे ओढले जाते. अखंड धागा जागचा फारसा हलत नाही. तुटलेले तुकडे व सैल वेटोळी मात्र पुढे सरकतात. चमकणारा रंग देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे, तर तेजस्वी डोके आणि मागे पसरलेली शेपटी, हुबेहूब धूमकेतूच! जितकी मोडतोड अधिक, तितका शेपटीत डीएनए अधिक.

१९८८ साली नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रीतीत तीव्र अल्कली द्रव वापरला. त्यात धाग्याचे दोन पदर सुटे होतात आणि एकाच पदरावरील तूटही उघडकीस येते. क्ष-किरण दिलेल्या मानवी श्वेतपेशींतील बहुतेक तुटी दोन तासांच्या आत सांधल्या जातात, हेही त्यांना दिसून आले.

शेपटी पाहून मोडतोड कोणी केली, हे मात्र कळत नाही. शिवाय दुरुस्ती करताना पेशी स्वतःच धागा क्षणभर कापते. म्हणून निष्कर्ष जपूनच काढावा लागतो.

कर्करोगाच्या गाठीत या रीतीचे खरे मोल कळते. प्राणवायू कमी मिळणाऱ्या पेशींना किरणांची इजा कमी पोहोचते. किरण दिल्याबरोबर गाठीतील पेशी तपासल्या, तर पुष्कळांच्या शेपट्या लांब आणि काही थोड्यांच्या आखूड दिसतात. उपचारातून निसटून रोग पुन्हा उलटविण्याचा धोका त्या थोड्यांकडूनच अधिक. आणि सरासरीत त्या दिसल्याच नसत्या.