संरक्षण प्रबोधिनीची मुलाखत : तयारी कशाची करावयाची?

पुण्याजवळील खडकवासला येथे १९५५ पासून राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचे कार्य चालू आहे. तेथे प्रवेश मिळविणाऱ्यांत महाराष्ट्रातील विद्यार्थ्यांचे प्रमाण वाढावे, या हेतूने राज्य शासनाने १९७७ मध्ये औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, येथे सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था स्थापन केली. प्रबोधिनीत मुलींची पहिली तुकडी २०२२ मध्ये दाखल झाली. त्यानंतर २०२३ मध्ये मुलींसाठीही नाशिक येथे अशीच संस्था सुरू झाली. या संस्थांमधील जागा थोड्या असल्याने बहुसंख्य इच्छुकांना आपल्या शाळेच्या व शिक्षकांच्या आधारावरच तयारी करावी लागते.

संघ लोकसेवा आयोग वर्षातून दोनदा घेत असलेली लेखी परीक्षा ९०० गुणांची असते. त्यांपैकी ३०० गुण गणितास व ६०० गुण सर्वसाधारण क्षमता चाचणीस असतात. पुढे सेवा निवड मंडळाच्या चाचण्या व मुलाखत यांनाही तितकेच, म्हणजे ९०० गुण आहेत. पहिल्या अर्ध्या भागासाठी मुले दोन-दोन वर्षे खपतात. दुसऱ्याची आठवण मात्र लेखी निकाल हाती आल्यावर होते. मग घाईघाईने छापील उत्तरे पाठ करविली जातात, आणि बुद्धिमान मुलगा परत येतो.

असे का होते, हे समजण्यासाठी मंडळाची रीत पाहिली पाहिजे. भोपाळ, बंगळूर, प्रयागराज आदी ठिकाणी सुमारे पाच दिवस ही निवड चालते. पहिल्या दिवशी बुद्धिमापन चाचणी होते; तसेच ३० सेकंद दाखविलेल्या एका अस्पष्ट चित्रावरून चार मिनिटांत कथा लिहून तिची गटात चर्चा करावयाची असते. पुष्कळ उमेदवार येथूनच परततात. राहिलेल्यांची मानसशास्त्रीय चाचणी होते. तीत साठ शब्द एकामागून एक दाखविले जातात व प्रत्येकावर १५ सेकंदांत वाक्य लिहावयाचे असते. इतक्या वेगात पाठ केलेले आठवत नाही. जे मनात असते तेच कागदावर उतरते. मैदानावरील गटकार्य दुसरा अधिकारी पाहतो, मुलाखत तिसरा घेतो, आणि अखेरच्या दिवशी हे सर्व एकत्र बसून निर्णय करतात. एकाने लेखनात पाहिलेला, दुसऱ्याने मैदानावर पाहिलेला व तिसऱ्याने खोलीत ऐकलेला उमेदवार एकच आहे काय, हा त्यांच्यापुढील खरा प्रश्न असतो.

प्रत्यक्ष मुलाखतीचा पाया म्हणजे उमेदवाराने स्वतः भरलेली माहितीपत्रिका. गाव, आईवडिलांचा व्यवसाय, गुण, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या अशी साधी माहिती तीत असते. प्रश्न तिच्यातूनच निघतात. पुष्कळदा आठ-दहा प्रश्न एका दमात विचारले जातात व त्यांची उत्तरे क्रमाने द्यावी लागतात. एखादा शेतकऱ्याचा मुलगा छंदाच्या रकान्यात भारदस्त दिसावे म्हणून ‘वाचन’ लिहितो, आणि अलीकडे वाचलेल्या पुस्तकाविषयी विचारताच अडखळतो. घरच्या विहिरीवरील मोटार तो स्वतः दुरुस्त करीत असतो. पण ते सांगण्यासारखे आहे असे त्याला कोणी सांगितलेलेच नसते. आपल्या तालुक्यात कापूस मागे पडून सोयाबीन का वाढले, गावाला पाणी कोठून येते, शाळेच्या संघात पराभव झाला तेव्हा आपण काय केले, यांची उत्तरे कोणत्याही मार्गदर्शकात मिळणार नाहीत.

यास्तव तयारी आठवी-नववीपासूनच सुरू व्हावयास हवी, आणि तिला खर्च फारसा नाही. वर्गात रोज एका विद्यार्थ्याने वृत्तपत्रातील एक बातमी दोन मिनिटे सांगावी व इतरांनी त्यावर प्रश्न विचारावेत. स्वातंत्र्यदिनाच्या कार्यक्रमाची आखणी गुरुजींनी न करता मुलांकडे सोपवावी. चुका झाल्या तरी चालतील. ग्रामपंचायतीने मोठ्या मुलामुलींना ग्रामसभेत बसू द्यावे व गावाच्या पाणीपुरवठ्याची वा करवसुलीची माहिती त्यांनी विचारल्यास ती द्यावी. क्रीडांगण नीट असणे हीदेखील मुलाखतीचीच तयारी होय.

इंग्रजीचा धसका ग्रामीण मुलांना विशेष असतो. मानसशास्त्रीय चाचण्यांतील उत्तरे हिंदीतही लिहिता येतात. तरीही प्रबोधिनीतील शिक्षण इंग्रजीतून असल्याने साधी, छोटी वाक्ये न अडखळता बोलण्याचा सराव हवाच. तो आरशापुढे होत नाही, समोर माणूस लागतो. शाळेतील इंग्रजीच्या शिक्षकांनी आठवड्यातून एक तास यासाठी काढला तरी पुष्कळ काम होईल.

प्रथमच जाणाऱ्या उमेदवारास नियमानुसार प्रवासभाडे मिळते, हेही पालकांना सांगितले पाहिजे. भाड्याच्या चिंतेने कोणी मागे राहू नये. निवड न झाल्यास वयोमर्यादेत असेपर्यंत पुन्हा परीक्षा देता येते. मात्र माहितीपत्रिकेत पूर्वीच्या प्रयत्नांची नोंद करावी लागते, आणि मधल्या काळात स्वतःत कोणती सुधारणा केली, हा प्रश्न मग बहुधा येतोच.