नावात विषय असावा की माणूस?

नवउद्योजकांसाठी, म्हणजे ज्यांना आता सर्रास 'स्टार्टअप'वाले म्हटले जाते त्यांच्यासाठी, आंतरजालावर एखादा समूह उभा करणाऱ्यांचा पहिला कल समूहाचा विषयच नावात घालण्याकडे असतो; असे वर्णनात्मक नाव कळायला सोपे असले, तरी त्याच विषयाच्या इतर समूहांमध्ये ते सहज हरवते आणि चर्चेचा परीघ वाढला की अपुरेही पडते. अमेरिकेतील 'वाय कॉम्बिनेटर' ही २००५ साली स्थापन झालेली संस्था नवख्या कंपन्यांना आरंभीचे भांडवल आणि मार्गदर्शन पुरवते. तिचे एक संस्थापक पॉल ग्रॅहम यांनी फेब्रुवारी २००७ मध्ये 'स्टार्टअप न्यूज' या नावाचे व्यासपीठ सुरू केले. परंतु केवळ स्टार्टअपचीच चर्चा एकसुरी होऊ लागल्याने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याचे 'हॅकर न्यूज' असे नामांतर झाले आणि बौद्धिक कुतूहल जागवणाऱ्या कोणत्याही विषयाला तेथे वाव मिळाला. येथे हॅकर म्हणजे इतरांच्या संगणकात शिरणारा भामटा नव्हे, तर प्रोग्रॅम रचण्यात रमणारा कल्पक कसबी. बाहेरच्यांचा गैरसमज होण्याचा धोका पत्करून सभासदांना स्वतःची ओळख वाटेल असे नाव घेणे धाडसाचे होते, पण समूहासाठी तेच योग्य होते, कारण समूहाचे नाव सभासदच चारचौघांत मिरवतात.

वर्णनात्मक नावाची कायदेशीर बाजूही लंगडी असते. भारताच्या १९९९ च्या ट्रेडमार्क कायद्यानुसार केवळ सेवेचे वर्णन करणाऱ्या नावाची नोंदणी सहसा होत नाही. दीर्घ वापराने त्याला स्वतंत्र ओळख मिळाली असेल, तरच अपवाद होतो. उलट 'सत्यम इन्फोवे' या कंपनीने स्वतःच्या नावातील अक्षरे जुळवून घडवलेले 'सिफी' हे नाव न्यायालयातही टिकले. जवळपास तसाच उच्चार असलेले 'सिफीनेट' हे डोमेन, म्हणजे संकेतस्थळाचा नोंदणीकृत पत्ता, दुसऱ्या कंपनीने घेतले आणि ते आपल्या पाच प्रवर्तकांच्या आद्याक्षरांवरून बनवल्याचा काहीसा गमतीदार खुलासा केला, तो सर्वोच्च न्यायालयाला पटला नाही. डोमेननावालाही ट्रेडमार्कसारखे संरक्षण मिळू शकते, असे न्यायालयाने २००४ मध्ये स्पष्ट केले. म्हणून नाव जाहीर करण्यापूर्वी संस्थापकांनी ट्रेडमार्कची नोंदवही आणि डोमेनची उपलब्धता पाहावीच, शिवाय ते नाव फोनवर एकदा ऐकून अनोळखी माणसाला रोमन लिपीत बिनचूक लिहिता येते का, हेही पडताळून घ्यावे.